समुपदेशन ऑनलाइन घ्यावं की प्रत्यक्ष जाऊन?

तुम्ही लिहिलंय की लातूरला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहात, तिघांच्या खोलीत कॉट बेसिसवर राहता, काही महिन्यांपासून झोप नीट नाही, अभ्यासात मन लागत नाही, आणि समुपदेशन ऑनलाइन घ्यावं की प्रत्यक्ष, हे कळत नाही.

मी अंबाजोगाईत कॉलेजात शिकवतो. मुलं-मुली मन मोकळं करायला येतात, काहींसोबत दवाखान्यातही गेलोय. सौम्य किंवा मध्यम नैराश्य आणि चिंता असेल तर व्हिडिओवरच्या समुपदेशनाचा फायदा समोरासमोरच्या इतकाच होतो, असं बहुतेक अभ्यास सांगतात. आपल्याकडे अडतं ते जागेवर.

माझी एक विद्यार्थिनी गच्चीवर जाऊन बोलायची. घरमालकीण वाळलेले कपडे काढायला आली की हिचा सूर बदलायचा, "हो सर, असाइनमेंट उद्या पाठवते." समुपदेशक बाईंना हे समजायला वेळ लागला. घरचा विषय निघाला की पोरगी गप्प, मग फायदा काय होणार? शेवटी आम्ही कॉलेज सुटल्यावर विभागातली एक खोली तिला उघडून द्यायला लागलो, आणि तेव्हा कुठं ती रडली, बोलली. तुम्हीही विश्वासातल्या एखाद्या सरांना किंवा मॅडमना खोली मागा. कारण सांगायची गरज नाही.

प्रत्यक्ष जायचं तर वेगळीच धास्ती असते. केस पेपरच्या रांगेत गावाकडचं कुणी भेटतं आणि विचारतं, "काय रे, इकडं कुठं?" या एका प्रश्नापायी कितीतरी लेकरं दारातून परत फिरतात, याचं मला फार वाईट वाटतं. पण समोर बसलेल्या माणसाला तुमचे थरथरणारे हात दिसतात, उतरलेलं वजन दिसतं. मोबाइलवर तुम्ही गप्प झालात की नेट गेलं, हेच आधी कळत नाही.

म्हणून तुमच्यासाठी माझं मत स्पष्ट आहे: पहिल्यांदा प्रत्यक्षच जा. काही महिने झोप नाही म्हणजे तपासणी हवी. थायरॉइड किंवा रक्त कमी असल्यानंही माणूस असा गळून जातो. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. ओळखीची फारच भीती वाटत असेल तर इकडं अंबाजोगाईला किंवा नांदेडला जा, तिथंही शासकीय महाविद्यालयं आहेत. एकटे जाऊ नका, खोलीतल्या एखाद्या मित्राला सोबत घ्या. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय.

मरणाचे विचार येत असतील तर ऑनलाइन की प्रत्यक्ष हा घोळ घालत बसू नका. 14416 वर फोन करा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, 2022 पासून चालू आहे, मोफत, रात्रंदिवस, मराठीतून. साधा फोन लागतो, नेटचं काम नाही. जीवाला धोका वाटत असेल तर 112 किंवा थेट अपघात विभाग, आणि तोवर कुणाला तरी जवळ बसवून ठेवा.

ऑनलाइन माणूस निवडताना शिक्षण विचाराच. समुपदेशक म्हणून पाटी कुणीही लावतं. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी मागा. गोळ्या मात्र मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांनीच द्यायच्या. कॉलेजातही चौकशी करा: 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांनी समुपदेशक नेमावा, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2025 मध्ये सांगितलंय.

एकदा माणूस पटला की पुढची सत्रं ऑनलाइन घ्यायला माझी काहीच हरकत नाही. दिवाळीला गावी गेलात, परीक्षा आली, तरी तोच माणूस तुमच्याशी बोलत राहील. फक्त त्यांना सुरुवातीलाच सांगून ठेवा की मध्येच कुणी खोलीत आलं तर मी "नंतर करतो" म्हणून ठेवेन, तेव्हा परत फोन करू नका, मेसेज करा.