अंगठ्याचा खळगा

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मी दादरच्या मंडईत होते, एका कानाला भाजीवाला आणि दुसऱ्या कानाला तू. कुणा माजी विद्यार्थ्याने शाळेला मातीची भांडी भाजायची विजेची भट्टी भेट दिली, मुख्याध्यापिकेने ती तुझ्या गळ्यात घातली, एवढं कळलं. शेवटी विचारलंस, "बाई, आधी चाक की हातकाम?" चाकाचं सोड. चाळीस मुलं, एक चाक आणि पस्तीस मिनिटांचा तास. शेवटच्या मुलाचा नंबर लागेपर्यंत दिवाळीची सुट्टी लागेल. हातानेच करू दे. पण त्याआधी जोडतास मागून घे, आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या सरावाचं कारण पुढे करून कुणी तो कापणार नाही अशी हमीही. माती वाटण्यात आणि बाकं पुसण्यातच अर्धा तास जातो.

तू जूनमध्ये सुरुवात करते आहेस म्हणून पावसाचं सांगते. मुंबईच्या जुलैत माती वरून वाळलेली दिसते आणि पोटात ओली असते. हाताला फसवते, गालाला फसवत नाही. भांडं गालाला लाव. गार लागलं तर आत अजून पाणी आहे. घाईने पंख्याखाली ठेवू नकोस. कपाचा कान आधी वाळतो, आक्रसतो आणि ओल्या अंगापासून सुटतो. वर्तमानपत्र आणि सैल प्लास्टिक घालून सगळं सावकाश, एकसारखं वाळू दे. पावसाळ्यात दोन आठवडे धर, जाड काम असेल तर तीनही.

आणि जाड काम असणारच, कारण पुढे गणपती येतात. वर्गातली निम्मी मुलं भरीव गणपती करतील, उरलेली हत्ती. ते थोडे घट्ट झाले की खालून चमच्याने कोरून पोकळ करायला लाव, भिंत बोटाएवढीच राहू दे. पोकळी सगळीकडून बंद असेल तर कुठेतरी टाचणीने भोक हवं. हवेचा बुडबुडा राहिला की भांडं फुटतं, असं आम्हालाही शिकवलं होतं. फोडते ती वाफ. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून जास्त जागा मागते, आणि मातीच्या भिंतीत ती कुठून मिळणार? म्हणून भट्टी आधी नव्वद अंशांवर, झाकण किंचित उघडं ठेवून, काही तास नुसती बसू दे. त्यानंतर सहाशेपर्यंत तासाला साठ-सत्तर अंशांपेक्षा जास्त चढवू नकोस. मधे 573 अंशांवर मातीतल्या गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कण एकदम फुगतात आणि निवताना तिथेच आकसतात. म्हणून उतरतानाही घाई नाही. शंभराच्या खाली येईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही, मग मुलं दाराशी कितीही गर्दी करोत.

हे सगळं मी पुस्तकातून शिकले नाही. एका वर्षी स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनासाठी सोमवारी केलेली भांडी मी गुरुवारी भट्टीत घातली. दीड तासाने आतून धप्प आवाज आला, मग आणखी दोन. एक फुटतं ते शेजारच्यांना घेऊन फुटतं. सात भांडी गेली. मुलांना काय सांगायचं? मी रात्री घरी बसून तशीच सात केली, पंख्याखाली वाळवली, न भाजताच गेरू फासून मांडली. सुबक झाली होती, खरं सांगते. संस्थेच्या अध्यक्षांनी त्यातलीच एक हातात घेऊन कौतुक केलं.

सहावीतला एक मुलगा आपल्या वाटीपाशी बराच वेळ उभा होता. मग त्याने वाटीत अंगठा घालून फिरवला आणि म्हणाला, "बाई, ही माझी नाही." मी विचारलं, कशावरून? "माझ्या वाटीत खळगा होता. तिथे अंगठा जास्त दाबला गेला होता." त्याचे वडील आले तेव्हा त्याने त्यांना ती दाखवली आणि सरळ सांगितलं, "ही बाईंनी केलीय." तक्रारीचा सूरही नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

त्याआधीही मी मुलांची कामं 'जरा नीट' करत असे. वाकडा काठ सरळ कर, सोंड दुरुस्त कर. त्या दिवसापासून बंद. तूही करू नकोस. काठ फाटतोय, जोड सुटतोय, हे तोंडाने सांग. जोडाच्या जागी खरवडून मातीची राब, म्हणजे पाण्यात कालवलेली पातळ माती, लावायला हजारदा सांग. पण हात पाठीमागे बांध. ओलं असतानाच बुडाला खिळ्याने नाव कोरून घे, म्हणजे कुणाचं कुठलं याचा घोळ होणार नाही. आणि काही फुटलंच, तर तुकडे जपून ठेव आणि ज्याचे त्याला दे.

एक गंमत मात्र मुलांना जरूर दाखव. न भाजलेलं भांडं बादलीत टाकलं की तासाभरात विरघळतं आणि पुन्हा वापरायची माती होते. सहाशेच्या पलीकडे जाऊन आलेलं भांडं पुन्हा कधी चिखल होत नाही. तेव्हा गणपती भाजायचा की वर्गातल्याच बादलीत विसर्जन करायचं, हे ज्याने केला त्याला ठरवू दे. आमच्याकडे बहुतेकांनी विसर्जन निवडलं, आरतीसकट. मीच जास्त हळहळले.

गोरोबाकाकांनी थापटी मारून संतांची डोकी पारखली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ही गोष्ट तू वर्गात सांगशीलच. सांगताना भट्टीतून निघालेली दोन भांडी हातात ठेव, एक धड आणि एक बारीक तडा गेलेलं. बोटाने वाजवून दाखव. धड असेल ते खणखणतं, तडकलेलं बद्द वाजतं. आपण लहानपणी ती गोष्ट ऐकून नुसते हसलो, वाजवून कुणीच पाहिलं नव्हतं.

माती मोरीत जाऊ देऊ नकोस. हात बादलीत धुवायचे, गाळ खाली बसू द्यायचा. नाहीतर मोरी तुंबेल आणि शिपाईमामा तुझ्याशी वर्षभर बोलणार नाहीत. वाळलेली धूळ झाडू नकोस, ओल्या फडक्याने पूस. ती छातीत जाते.

मुलांना एकदा भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात ने. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये एकोणिसाव्या शतकात घडवलेली चकचकीत भांडी तिथे आहेत. त्याआधी धारावीच्या कुंभारवाड्यात ने, म्हणजे दोन्हीतला फरक त्यांना आपणच दिसेल. सौराष्ट्रातून आलेली कुंभार घराणी तिथे पिढ्यान्‌पिढ्या पणत्या आणि माठ घडवतात. त्यांची माती आणि बाजारातली स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापावर भाजायची, माती एका भट्टीत बाराशे अंशांवर घालू नकोस, लाल माती वितळून भट्टीतल्या फळीला चिकटेल.

येत्या रविवारी सकाळी आठला सायन स्टेशनवर ये. आपण आधी दोघीच जाऊन येऊ, तयार माती कोण देतं ते विचारू. जुने कपडे घाल आणि जाड पिशवी आण. पाच किलो तू उचल, दोन मी. माझ्या गुडघ्यांचं तुला ठाऊकच आहे.

तुझ्या बाई