तुळशीची माळ घातल्यावर कोणते नियम पाळावे लागतात? चुकून मोडला तर माळ काढावी लागते का?

वडील माळकरी आहेत, आता तुम्हालाही माळ घालायची आहे, पण नोकरीमुळे पुण्यात राहणं आणि बाहेर जेवणं, ही तुमची अडचण. आमच्याकडे आजोबांपासून माळ आहे, म्हणून लिहितो.

मूळ नियम मोजकेच. मांस-मच्छी, अंडं, दारू बंद. महिन्याच्या दोन्ही एकादश्या धरायच्या, द्वादशीला सोडायच्या. रोज हरिपाठ. वर्षातून एक तरी वारी, आषाढी किंवा कार्तिकी. परस्त्री आईसारखी, परक्याच्या पैशाला हात नाही, खोटं बोलायचं नाही. कांदा-लसूण बरेच जण चातुर्मासात सोडतात, काही कायमचा, पण माळेची ती अट नव्हे. तंबाखूचं विचारूच नका, हरिपाठ संपला की देवळाच्या पायरीवर किती चंच्या उघडतात ते आम्ही रोज बघतो.

पुण्यात शाकाहारी खाणावळींना तोटा नाही. घोळ होतो तो ऑफिसातल्या वाढदिवसाच्या केकचा. अंड्याचा आहे का, एवढं विचारायला लाजू नका. आणि चुकून पोटात गेलंच, तर आमच्याकडे कुणी माळ काढ म्हणत नाही. पांडुरंगापुढे नाक घासायचं, पुढची एकादशी नीट करायची, चालू लागायचं. पण दर शनिवारी मित्रांबरोबर ‘बसायचं’ ठरलेलंच असेल, तर माळ घालूच नका. माळ खुंटीला अडकवून बाटली उघडणारे प्रत्येक गावात एक-दोन असतात आणि गाव त्यांना चांगलं ओळखून असतं.

मला विचाराल तर ताटाचे नियम सोपे. अवघड आहे तो पाया पडण्याचा. वारकरी भेटला की दोघांनीही एकमेकांच्या पायाला हात लावायचा. वय, जात, हुद्दा बघायचा नाही. सप्ताहात वीणेकऱ्याच्या पाया पडायला वाकावं, तर वीणा नेमकी त्याच्या गळ्यात, ज्याच्याशी काल बांधावरून जुंपली होती! तरी वाकायचं, आणि तोही वाकतो.

भांडणालासुद्धा रीत आहे. माउलींच्या पालखी सोहळ्याची शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी १९व्या शतकात लावून दिली. मुक्कामाच्या तळावर समाजआरतीला सगळ्या दिंड्या गोळा होतात. चोपदार, म्हणजे सोहळ्याची शिस्त राखणारा मानकरी, हातातला चोप (दंड) उंच करून ‘होSS’ अशी आरोळी देतो आणि टाळ-मृदंग जागच्या जागी थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. मग चोपदार तिथं जातो, ऐकून घेतो, निवाडा होतो, टाळ थांबतात, आणि त्यानंतरच आरती. आमच्या हाउसिंग सोसायटीच्या सभेला हे कुणीतरी शिकवायला हवं.

तुम्ही घाई करू नका. आधी वर्षभर माळेशिवायच एकादशी आणि हरिपाठ करून बघा. जमतंय असं वाटलं तर वडिलांना सांगा. ते ज्या फडाशी, म्हणजे एका महाराजांच्या परंपरेतल्या वारकऱ्यांच्या गटाशी, जोडलेले आहेत, तिथल्या महाराजांच्या हातून पंढरपुरात किंवा आळंदीत माळ घ्या. घेताना दोरा पक्का आहे का बघा. तुटला तर अपशकून वगैरे काही नसतो, मणी वेचायचे आणि पुन्हा ओवायचे. एक जादा माळ घरात ठेवलेली बरी.