ट्युरिंगने मशीन बांधलं नव्हतं, मग त्याला कॉम्प्युटरचा जनक का म्हणतात?

प्रश्न: कॉम्प्युटरचा जनक म्हणून कुठे चार्ल्स बॅबेजचं नाव येतं, कुठे ॲलन ट्युरिंगचं. बॅबेजने निदान यंत्राचे आराखडे तरी काढले होते. ट्युरिंगने १९३६ साली फक्त गणितावरचा एक पेपर लिहिला. मग नुसत्या कागदावरच्या मशीनचं एवढं कौतुक का?

उत्तर: तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे, पण त्या पेपरात ट्युरिंगला मुळात मशीन बांधायचंच नव्हतं, त्याला वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर हवं होतं. गणितातलं कुठलंही विधान समोर टाकलं तर ते सिद्ध होतं की नाही हे ठरावीक पायऱ्यांनी सांगणारी एखादी रीत आहे का, असा प्रश्न जर्मन गणिती हिल्बर्टने १९२८ साली मांडला होता, आणि ट्युरिंगला तो केंब्रिजला गणिती मॅक्स न्यूमन यांच्या लेक्चर्समध्ये भेटला. आता गंमत बघा, अशी रीत आहे म्हणायचं असेल तर ती करून दाखवली की विषय संपला, पण अशी कुठलीच रीत असू शकत नाही म्हणायचं असेल तर आधी 'रीत' म्हणजे नेमकं काय हे पक्कं करायला लागतं, आणि ते तोवर कोणाला समाधानकारक जमलं नव्हतं.

ट्युरिंगने काय केलं तर गणित सोडवत बसलेल्या माणसाकडे बघितलं. तेव्हा कॉम्प्युटर हा शब्द माणसालाच वापरायचे, हिशेब करणाऱ्या माणसाला! तो माणूस चौकटीच्या वहीत एक आकडा बघतो, मनात कुठल्या पायरीवर आहोत ते धरून ठेवतो, आकडा खोडतो किंवा लिहितो, शेजारच्या चौकटीवर जातो. बस, एवढंच. मग वहीची लांबच लांब पट्टी करा, माणसाच्या जागी नियमांचा तक्ता ठेवा, झालं ट्युरिंग मशीन.

करून बघा ना. पट्टीवर १०११ लिहिलंय, बायनरीमधले, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिलेले, अकरा, आणि त्यात एक मिळवायचाय. उजव्या टोकापासून सुरू करा. नियम असे की १ दिसला तर ० लिहून डावीकडे सरका, ० दिसला किंवा चौकट रिकामी असली तर १ लिहून थांबा. पहिला १ गेला ० आला, दुसऱ्याचंही तेच, मग ० लागला, तिथे १ लिहिला आणि थांबलो, पट्टीवर आलं ११००, म्हणजे बारा. बेरीज म्हणजे काय हे मशीनला काडीचंही माहीत नाही तरी उत्तर बरोबर!

पण हे नुसतं बेरजेचं मशीन झालं, आणि खरी कमाल पुढे आहे. हे जे नियम आपण आत्ता वाचले ते स्वतःच चिन्हांत लिहिता येतात, एका मोठ्या आकड्यात बसवता येतात, मग ते पट्टीवरच का लिहू नयेत? ट्युरिंगने असं एक मशीन मांडलं की जे पट्टीवरून दुसऱ्या कुठल्याही मशीनचे नियम वाचतं आणि त्या मशीनसारखंच वागतं. म्हणजे प्रत्येक कामाला वेगळं मशीन नको, एकच मशीन पुरे, काम बदललं की पट्टीवरचा मजकूर बदलायचा. मला विचाराल तर कॉम्प्युटरचा जन्म इथे झाला. बॅबेजचं मोठेपण यात कुठेही कमी होत नाही, त्याने आखलेल्या ॲनालिटिकल इंजिन या यंत्राला सूचना पंच कार्डांवरून मिळणार होत्या, पण सूचना आणि आकडे एकाच जातीचे, एकाच जागी ठेवण्यासारखे, हे त्यात नव्हतं.

प्रश्न: मग ही कागदावरची कल्पना प्रत्यक्षात कधी आली?

उत्तर: मध्ये दोन दुवे आहेत. १९३७ साली एमआयटीत क्लॉड शॅननने, वय २१, मास्टर्सच्या प्रबंधात दाखवलं की गणिती जॉर्ज बूलचं तर्काचं बीजगणित आणि रिलेची, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचांची, सर्किट्स म्हणजे एकच गोष्ट आहे. दोन स्विच एकामागे एक जोडले तर दोन्ही चालू असतील तरच वीज जाते, हे झालं 'आणि', समांतर जोडले तर कुठलाही एक पुरतो, हे झालं 'किंवा', आणि यांच्या जोडीला 'नाही' आलं की तर्कातलं कुठलंही विधान तारांनी बांधता येतं. दुसरा दुवा म्हणजे १९४५ चा, एडव्हॅक नावाच्या आखलेल्या कॉम्प्युटरचा अहवाल, गणिती जॉन फॉन नॉयमनच्या नावावरचा, ज्यात प्रोग्रॅम मेमरीतच ठेवायची रचना मांडलीये. अशी रचना नसलेल्या एनिॲक या त्याच काळातल्या कॉम्प्युटरला नवीन काम द्यायचं तर तारा उपसून परत जोडाव्या लागायच्या.

आणि मग २१ जून १९४८, मँचेस्टर. प्रोग्रॅम मेमरीतच ठेवणारं 'बेबी' नावाचं मशीन, मेमरी ३२ शब्दांची, प्रत्येक शब्द ३२ बिटांचा, म्हणजे ३२ शून्य-एकांचा, पहिला प्रोग्रॅम १७ सूचनांचा. २,६२,१४४ या संख्येचा, ती संख्या सोडून, सगळ्यात मोठा विभाजक शोधायचा होता. आपण लगेच निम्मे म्हणू, १,३१,०७२, पण बेबी वरून खाली एकेक संख्या तपासत आलं, भागाकार येत नव्हता म्हणून वजाबाक्या करत, आणि ५२ मिनिटांनी बरोबर उत्तरावर थांबलं.

प्रश्न: हिल्बर्टच्या प्रश्नाचं काय झालं मग?

उत्तर: उत्तर 'नाही' आलं, अशी रीत नाही. अमेरिकन गणिती अलोन्झो चर्चनेही १९३६ सालीच वेगळ्या वाटेने हेच दाखवलं होतं. आजच्या भाषेत थोडक्यात सांगतो. अशी रीत असती तर 'हा प्रोग्रॅम थांबतो' या विधानावर ती चालवून कुठला प्रोग्रॅम थांबेल हेही सांगता आलं असतं, म्हणून तेच शक्य नाही हे दाखवलं की झालं. समजा कुठलाही प्रोग्रॅम कधीतरी थांबेल की कायम फिरत राहील हे अचूक सांगणारा एक प्रोग्रॅम आहे. त्याला पोटात घेऊन दुसरा लिहा, जो स्वतःबद्दलच त्याला विचारतो आणि उलटं वागतो, तो 'थांबेल' म्हणाला की हा फिरत राहतो, 'फिरेल' म्हणाला की हा थांबतो. भविष्य चुकलंच, म्हणून असा भविष्य सांगणारा प्रोग्रॅम असूच शकत नाही. आणि हे सिद्ध करायला लागतं तरी काय, तर प्रोग्रॅमने प्रोग्रॅम वाचणं, तीच पट्टीवरच्या नियमांची युक्ती!