वजा दीडशे म्हणजे जवळ?

प्रश्न (आठवीतला विद्यार्थी, खानापूर): स्क्रॅचमध्ये (ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायच्या मुलांच्या भाषेत) गेम केलाय. मांजर कुंद्याजवळ (बेळगावची मिठाई) पोचलं की गुण मिळतो. उजवीकडून आलं तर बरोबर चालतं. डावीकडे कितीही लांब असलं तरी गुण वाढतच राहतात! अट अशी आहे: 'मांजराचा एक्स (पडद्यावरची आडवी जागा) वजा कुंद्याचा एक्स, २० पेक्षा कमी'.

उत्तर: मांजर -१०० वर आणि कुंदा ५० वर असेल तर वजाबाकी येते -१५०. ती २० पेक्षा कमीच आहे की! संगणकानं तुझं अगदी तंतोतंत ऐकलं.

वजाबाकी एका दमात दोन गोष्टी सांगते: किती लांब आणि कुठल्या बाजूला. बेळगावला शून्य धरून खानापूरची बाजू वजा मानली, तर तुझं गाव साधारण -२५ किलोमीटरवर येईल. म्हणून कंडक्टर काय वजा तिकीट फाडतो? त्याला नुसतं अंतर लागतं. गणितात त्याला केवलमूल्य म्हणतात. स्क्रॅचच्या हिरव्या ऑपरेटर्समध्ये 'अ‍ॅब्स' आहे, तुझी वजाबाकी त्यात घाल. चिन्ह मात्र फेकून देऊ नकोस, मांजराचं तोंड कुठे वळवायचं ते त्यावरूनच कळेल.

आणि 'वाय'चं, म्हणजे उभ्या जागेचं काय? मांजर कुंद्याच्या बरोबर वर, पार छताला असलं तरी तुझ्या अटीत बसतं. तीही वजाबाकी तपास.

प्रश्न (गणित शिक्षिका, निपाणी): अंतर काढताना एक्स आणि वायमधल्या फरकांच्या केवलमूल्यांची बेरीज करायची, की पायथागोरस वापरायचा?

उत्तर: बाई, ते खेळावर आहे. घराघरानं सरकायचं असेल तर बेरीज. गल्लीतून जाताना कुणी घरांवरून उडत नाही. ३ घरं आडवी, ४ उभी म्हणजे ७ पावलं, सरळ रेषेतली ५ नव्हेत. मोकळं फिरायचं असेल तर पायथागोरस.

तिसरी वाटही आहे: दोन्हींतलं मोठं केवलमूल्य घ्यायचं. दोन्ही फरक १५ असतील तर बेरीज ३०, पायथागोरसनं २१ च्या जरा वर, मोठं मूल्य मात्र १५. मर्यादा २० असेल तर फक्त तिसरी पद्धत 'पकडलं' म्हणेल. मुलांकडून तिन्ही पद्धतींची 'पकडलं'ची हद्द आलेखकागदावर काढून घ्या, क्रमानं येतील: टोकावर उभा चौरस, वर्तुळ आणि सरळ चौरस. लहानांच्या खेळात मी तिसरीच घेतो. फुकट गुण मिळाला तर पोरं गप्प बसतात, हाताशी आलेला कुंदा निसटला की भांडतात.

प्रश्न (डिप्लोमाचा विद्यार्थी, चिकोडी): सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत -०.६ ला 'अ‍ॅब्स' लावलं, उत्तर ० आलं.

उत्तर: सीमधलं 'अ‍ॅब्स' पूर्णांकांसाठी आहे, अपूर्णांक आधीच कापला जातो. 'फॅब्स' वापर, मॅथ हेडर जोडून. कंपायलरचे इशारे चालू ठेव, अशी चूक तो पुष्कळदा दाखवतो.