घरबसल्या लीगल ट्रान्सक्रिप्शनचं काम जमेल का? कायद्याची पदवी लागते का?

तुम्ही लिहिलंय की बी.कॉम. झालंय, इंग्रजी टायपिंगची ४० ची परीक्षा पास आहात, मूल लहान असल्यामुळे बाहेरची नोकरी नको. आणि या कामाला एलएलबी लागतं का, पैसे किती सुटतात, हे हवंय.

लीगल ट्रान्सक्रिप्शन म्हणजे वकील-कोर्टाच्या कामाचं रेकॉर्डिंग ऐकून ते शब्दन् शब्द टाइप करायचं. त्याला एलएलबी लागत नाही. मी साधी बी.ए., साताऱ्यात राहते आणि नऊ वर्षं हेच काम करतेय. ४० चा वेग सुरुवातीला चालून जातो, तो पुढे आपोआप वाढतो. पणाला लागतो तो कान.

माझं बरंचसं काम अमेरिकेतलं. तिथे खटला सुनावणीला उभा राहायच्या आधी वकील साक्षीदाराला समोर बसवून शपथेवर प्रश्न विचारतात, त्याला डिपॉझिशन म्हणतात. त्यांच्या फेडरल नियमांत एका साक्षीदाराला एक दिवस, सात तास अशी मर्यादा आहे. सात तास काही कमी नाहीत हो! कुठे कोर्ट रिपोर्टर यंत्रावर सगळं टिपून घेतो, कुठे नुसतं रेकॉर्डिंग होतं आणि ते तुकड्यातुकड्यांनी आमच्याकडे येतं. बहुतेक ठिकाणी पानाला २५ ओळी, प्रत्येक ओळीला नंबर, प्रश्नाला क्यू, उत्तराला ए. वकील पुढे कोर्टात 'पान ४८, ओळ १२' असं बोट ठेवून विचारतो, म्हणून हा काटेकोरपणा.

आता कानाचं सांगते. अपघाताची केस होती (तपशील बदललेत). साक्षीदार 'आय कॅन सी द सिग्नल' म्हणाला की 'आय कॅन्ट सी'? अमेरिकन माणूस कॅन्टमधला ट गिळून टाकतो. साधारण खूण अशी की होकार असला तर शब्द घाईत 'कन' असा निसटतो, आणि नकार असला तर 'कॅ' ठसठशीत येतो आणि शेवटी घसा क्षणभर बंद होतो. पण इथे नेमकं कोणीतरी खोकलं होतं. चार सेकंदांचा तो तुकडा मी तीसेक वेळा ऐकला. वेग कमी करून, एकच कान लावून, रात्री फ्रिज बंद करूनसुद्धा. शेवटी रेकॉर्डिंगमधली ती वेळ टाकून 'अस्पष्ट' अशी नोंद केली आणि पुढे गेले. पहिल्या वर्षी अशाच एका जागी मी अंदाजाने शब्द भरला होता. दोन पानांनंतर साक्षीदाराने त्याच्या बरोबर उलट सांगितलं, फाइल परत आली आणि पैसे कापले गेले. बरोबरच केलं त्यांनी.

तसंच 'uh-huh' आणि 'uh-uh'चं. इंग्रजीत पहिल्याचा अर्थ हो, दुसऱ्याचा नाही, आणि लिहिताना फरक एका अक्षराचा.

मराठी कामही मिळतं, तुम्ही त्याचा विचार केलेला दिसत नाही. वकिलांकडे पक्षकार फोनवरची रेकॉर्डिंग घेऊन येतात. उसने पैसे, चेक बाउन्स, नवरा-बायकोची भांडणं. आवाजाबरोबर त्याचा लेखी उताराही द्यावा लागतो. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने खोतकर विरुद्ध गोरंट्याल या आपल्या जालन्याच्या निवडणुकीच्या प्रकरणात इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच असं स्पष्ट केलं. तेव्हा ते जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५-ब होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. ते प्रमाणपत्र पक्षकाराने आणि तज्ज्ञाने द्यायचं असतं, आपण नाही. 'मॅडम, तुम्हीच सही करून टाका ना' म्हणणारे भेटतील. करू नका.

मराठीत एक मोह फार होतो, भाषा 'सुधारायचा'. माणूस 'काय करायलायस' म्हणाला तर तेच लिहायचं, 'काय करतो आहेस' नाही. 'बघतोच तुला' ही धमकी की थट्टा, हे ठरवायला न्यायाधीश बसलेत. आणि आपल्याकडे बाया 'च्च' करून नाही म्हणतात ना, तिथे मी कंसात 'जिभेचा आवाज' एवढंच लिहिते. 'नकार' लिहिला की मी साक्षीदाराच्या वतीने उत्तर दिल्यासारखं होतं.

पैसे ऑडिओच्या मिनिटावर किंवा पानावर मिळतात, तुम्ही बसलात त्या तासांवर नाही. इथेच नवे लोक फसतात. समजा मिनिटाला ३० रुपये ठरले, तर तासाभराच्या ऑडिओचे १,८००. मला स्वच्छ आवाजाच्या एका तासाला चार-पाच तास लागतात, नव्या माणसाला आठ सहज. म्हणजे तुमच्या तासाला सव्वादोनशे, तेही काम असेल त्या दिवशी. महिनाभर कोरडा जाऊ शकतो. एकट्या या भरवशावर घराचा हप्ता लावू नका.

घरून म्हणजे सवडीने, असंही समजू नका. न्यूयॉर्कची संध्याकाळी सहाची मुदत म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटेचे साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार. मूल झोपल्यावर बसायचं ठरवलंत तर ते जमेल, पण सकाळी डबा कोण करणार ते आधी ठरवा. सामान फार नाही लागत. कान झाकणारे चांगले हेडफोन, इन्व्हर्टर आणि फूट पेडल. पायाने ऑडिओ थांबवता-मागे नेता येतो, हात कीबोर्डवरच राहतात. माझ्या सासूबाई त्याला अजून शिलाई मशीन म्हणतात. पण हेडफोन काढून स्पीकरवर ऐकायचं नाही, अगदी घरात कोणी नसलं तरी. गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असते, आणि लोकांचे घटस्फोट, आजार, कर्जं सगळं त्यात असतं. फाइल पोचली की आपल्याकडची पुसायची.

मशीनचं तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगायला हवं. २१ फेब्रुवारी २०२३ ला महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाच्या सुनावणीपासून सुप्रीम कोर्टाने एआयने थेट लेखी उतारा काढायला प्रायोगिक सुरुवात केली. आमच्याकडेही आता निम्म्याहून जास्त फाइल मशीनचा कच्चा मसुदा घेऊनच येतात, आपण तपासायच्या, आणि दर त्या मानाने कमी. गंमत म्हणजे मशीनला शांतता सहन होत नाही. साक्षीदार गप्प बसला होता तिथे 'थँक यू' छापलेलं मी स्वतः पाहिलंय. दोघं एकदम बोलले की कोणाचं वाक्य कोणाच्या तोंडी जाईल सांगता येत नाही. म्हणून माणूस अजून लागतो, पण पूर्वीइतके लागत नाहीत. माझ्यासोबत सुरू केलेल्या तिघींपैकी दोघींनी सोडलं.

आणि जाहिरातींपासून जपा. 'नोंदणी फी भरा', किंवा 'आठवड्यात इतकी पानं ९९ टक्के अचूक द्या' असा करार पाठवतात, मग चुका काढून वकिलाच्या नावाने नोटिशीची धमकी देतात. माझ्या मावसबहिणीने घाबरून सहा हजार भरले होते. काम देणारा तुमच्याकडून पैसे मागत नाही. मागितले तर फोन ठेवा, आणि भरून बसला असाल तर लगेच १९३० वर तक्रार करा.

कुठल्याही क्लासला पैसे घालण्याआधी हे करून बघा. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या वेबसाइटवर युक्तिवादांचा ऑडिओ आणि अधिकृत उतारा दोन्ही फुकट आहेत. दहा मिनिटं ऐकून टाइप करा, मग उतारा उघडून ओळ न् ओळ ताडून बघा. आपल्या सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाच्या काही सुनावण्यांचेही उतारे मिळतात. माझ्या पहिल्या दहा मिनिटांत ६३ चुका होत्या, त्यात 'कौन्सेल' (म्हणजे वकील) याच्या जागी 'कौन्सिल' अकरा वेळा. तुमच्या किती निघाल्या ते खाली लिहा, मग कुठे अर्ज करायचा त्यावर बोलू.