नकाशा खिळ्यावरून खाली काढा

प्रश्न : मी वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत शिकवते. तिसरी आणि चौथीचे वर्ग माझ्याकडे एकत्र आहेत. मुले आठही दिशांची नावे न चुकता म्हणतात. पण भिंतीवरच्या नकाशात उत्तर कुठे, असे विचारले की वरच्या कडेवर बोट ठेवतात आणि “आता खरी उत्तर दाखवा” म्हटले की तेच बोट शाळेच्या पत्र्यांकडे नेतात. वर्धा नदी दक्षिणेकडे का वाहते, या प्रश्नावर एक मुलगी म्हणाली, “दक्षिण खाली असते म्हणून.” नकाशा शिकवायला सुरुवात कुठून करावी?

उत्तर : बाई, आपल्या मुलांनी पत्र्यांकडे बोट दाखवले, यात त्यांची चूक मला दिसत नाही. नकाशा उभा टांगलेला असताना त्यातील उत्तर खरोखरच छताकडे असते, आणि मुलांनी जे डोळ्यांना दिसले तेच प्रामाणिकपणे सांगितले. म्हणून पहिले काम एवढेच करावे की, नकाशा खिळ्यावरून काढून जमिनीवर अंथरावा, त्याची उत्तरेची कड खऱ्या उत्तरेकडे करावी आणि मुलांना त्याच्याभोवती बसवावे. मग आर्वीवर बोट ठेवून अमरावती कोणत्या हाताला, नागपूर कोणत्या हाताला, असे विचारावे आणि प्रत्येक वेळी नकाशावरचा हात तसाच पुढे नेऊन खिडकीबाहेरची दिशा दाखवायला सांगावे.

खरी उत्तर मुलांनी स्वतः शोधावी, असा माझा आग्रह आहे. उगवत्या सूर्याकडे तोंड करून डावा हात उत्तरेला, हा पाठ आपण सर्वांनी शिकवला आहे. पण सूर्य ऐन पूर्वेला वर्षातून दोनदाच उगवतो आणि डिसेंबरअखेरीस आपल्याकडे तो पूर्वेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला सरकलेला असतो. त्यापेक्षा पटांगणात एक मीटरची सरळ काठी उभी रोवावी आणि सकाळी अकरा ते दुपारी दीडपर्यंत दर पंधरा मिनिटांनी तिच्या सावलीच्या टोकाशी मुलांकडून एकेक खडा ठेववावा. सर्वांत आखूड सावली जिकडे पडते ती उत्तर. (मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य दुपारी आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो, त्यामुळे तेवढे दिवस हा प्रयोग करू नये.) २३ सप्टेंबरच्या सुमारास ही सावली साधारण ३८ सेंटिमीटर भरेल, २२ डिसेंबरला सव्वाबाराच्या आसपास ती जवळजवळ काठीइतकी लांब असेल. ती रेघ चुन्याने पक्की करून ठेवली, तर वर्षभर होकायंत्राची गरज पडणार नाही.

शेतकऱ्यांच्या घरची मुले दिशा वापरतच असतात, हेही विसरू नये. उगवतीचा धुरा कोणाच्या वावराला लागतो आणि मावळतीकडून पांदण जाते की नाला, हे चौथीतला मुलगा सहज सांगतो. त्याला ‘उगवती’ म्हणजेच पुस्तकातील ‘पूर्व’, एवढी एकच कडी जोडून द्यायची असते. तलाठ्यांकडे गावाचा नकाशा असतो; तो एक दिवस शाळेत आणता आला तर अवश्य आणावा. आपल्या बापाचे वावर कागदावर सापडले की मुलाचा चेहरा कसा उजळतो, ते मी अनेक शाळांत पाहिले आहे, आणि तिथून पुढे त्याला नकाशा परका वाटत नाही.

त्यानंतर प्रमाण. शाळेपासून पाण्याच्या टाकीपर्यंतचे अंतर पावलांनी मोजून, दहा पावलांना चौकटीच्या वहीतील एक चौकट, या हिशेबाने मुलांनी रस्ता काढावा. प्रत्येकाचे पाऊल वेगळे, म्हणून प्रत्येकाचा रस्ताही कमी-जास्त लांबीचा येतो आणि सर्वांसाठी एकच माप का लागते, हा प्रश्न तीच विचारतात. तेव्हा त्यांना विल्यम लॅम्ब्टन यांची हकिकत सांगावी. साखळीने एक रेषा मोजायची आणि पुढे कोनांवरून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत जायचे, या पद्धतीने त्यांनी १८०२ मध्ये मद्रासपासून देशाची मोजणी सुरू केली, आणि ते काम उत्तरेकडे नेत असताना १८२३ मध्ये त्यांचा मृत्यू आपल्याच जिल्ह्यातील हिंगणघाटला झाला.

आता त्या मुलीचे उत्तर. पाणी खाली जाते, हे तिचे म्हणणे पूर्ण बरोबर आहे. फक्त कागदाचे ‘खाली’ आणि जमिनीचे ‘खाली’ तिच्या मनात एक झाले आहे. तिला अकोल्याची मोर्णा दाखवा. ही नदी दक्षिणेकडच्या डोंगराळ भागातून निघून उत्तरेला पूर्णेकडे जाते, म्हणजे टांगलेल्या नकाशात ती चक्क वर चढते. मग पटांगणात मातीचा लांबट ढीग करून त्याच्या माथ्यावर तांब्याने सावकाश पाणी ओतावे. धार दोन्हीकडे फुटेल. आपल्या विदर्भाचे तसेच आहे : पूर्णेचे पाणी तापीला मिळून अरबी समुद्रात जाते, तर वर्धेचे पाणी वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, सिरोंचाजवळ गोदावरीत शिरते आणि बंगालच्या उपसागराला पोचते. आपल्या गावच्या नाल्यात सोडलेली कागदाची होडी कोणत्या समुद्राला लागेल, हे त्या मुलीलाच जमिनीवरच्या नकाशात बोटाने शोधू द्यावे.

प्रश्न : माझा मुलगा गोंदिया जिल्ह्यात तिसरीत आहे. विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांची नावे पाठ करताना त्याचा नेहमी घोटाळा होतो. काय करावे?

उत्तर : ताई, पाठांतर काही दिवस बाजूला ठेवा. एस.टी. स्थानकावर गेल्यावर गाड्यांवरच्या पाट्या त्याला वाचू द्या, आणि घरात कापसाची वात वळताना किंवा तांदूळ निवडताना हा माल कुठला, ते बोला. तुमच्याकडे तळी आणि धानाच्या बांध्या का, आणि यवतमाळकडे काळ्या मातीत कापूस का, हे त्याला कळले की ती दोन नावे आपोआप वेगळी राहतील. राहिलेली नऊ तो अशाच ओळखीने एकेक करून गोळा करील. त्याला वर्षभर लागले तरी हरकत नाही.