न आलेल्या उत्तराबद्दल

नागपूर

प्रिय चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुझे पत्र दोनदा वाचले. ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ या गेमसाठी बेचाळीस गाड्यांचे मॉड, म्हणजे खेळाडूंनी घडवून गेममध्ये बाहेरून घालायच्या गाड्या, एकाच झिपमध्ये बांधून वाटायचे, हा तुझा बेत कळला. त्यातली लालपरी तू स्वतः रंगवलीस, फलकावर ‘नागपूर–अमरावती’ लिहिलेस, मागची धुळकट काचही सोडली नाहीस, हे वाचून फार बरे वाटले. परंतु ती उभी आहे ती इंडोनेशियातल्या एका मुलाने घडवलेल्या सांगाड्यावर, म्हणजे बसच्या त्रिमितीय मॉडेलवर. त्याला तू तीन संदेश पाठवलेस, तीन महिने उत्तर आले नाही, आणि आता मला विचारतोस, “काका, मौनं संमतिलक्षणम् म्हणतात ना, मग टाकू का?”

नाही. ते वचन समोर बसलेल्या माणसासाठी आहे. ज्याच्यापर्यंत निरोप पोहोचला की नाही हेच ठाऊक नाही, त्याच्या मौनाला संमती म्हणणे म्हणजे स्वतःच विचारून स्वतःच उत्तर देणे होय.

कायदाही हेच सांगतो, आणि तो इतका स्पष्ट सांगतो की मला नवल वाटते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३० नुसार परवाना लेखी असावा लागतो. कर्त्याला हक्क सोडून द्यायचा असेल तरी कलम २१ प्रमाणे त्याने कॉपीराइट निबंधकाला कळवावे लागते किंवा जाहीर सूचना द्यावी लागते. नुसते गप्प बसून हक्क सुटत नाही. कर्ता सापडतच नसेल तर कलम ३१-अ ची वाट आहे, पण तिथेही अर्ज करण्याआधी देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात नोटीस द्यावी लागते आणि पुढे स्वामित्वधन (रॉयल्टी) भरावे लागते. म्हणजे बेपत्ता माणसाच्या मौनालाही कायदा होकार मानत नाही, आणि तू तीन संदेशांत मानायला निघालास! तो परदेशी आहे हे कारणही चालणार नाही, कारण दोन्ही देश बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारात आहेत आणि त्या करारात संरक्षणासाठी नोंदणीची अट नाही. बाहेरच्या गाड्या चालवण्याची सोय गेमनेच दिली आहे हे खरे, पण ती परवानगी गेम बनवणाऱ्या कंपनीची झाली, सांगाडा घडवणाऱ्याची नव्हे.

“मी श्रेय दिले आहे, पैसे घेत नाही,” असे तू लिहितोस. श्रेय द्यायलाच हवे. पण श्रेयाने परवानगीची जागा भरत नाही. शिवाय डाउनलोडच्या दुव्यावर जाहिराती लावणार आहेस, हे तू पत्राच्या शेवटी, जणू चुकून, लिहिलेस. मग फुकट कसले?

रागावतो आहे खरा, पण त्याचे कारण तू कमी आणि मी जास्त आहे. १९९९ साली सीताबर्डीच्या एका सायबर कॅफेत तासाप्रमाणे पैसे मोजून मी ‘डूम’ या गेमचे, खेळाडूंनी स्वतः रचलेले नव्वदेक नकाशे उतरवले आणि मित्राच्या घरी सीडीवर भरून तीस रुपयांना विकले. त्या नकाशांसोबत एक छोटी टेक्स्ट फाइल येत असे. तीत कर्त्याचे नाव, पत्ता आणि बहुधा एक ओळ असे, की ही फाइल न बदलता सोबत ठेवणार असाल तरच वाटा. मी त्या सगळ्या फाइली पुसल्या, कारण यादीत त्या गबाळ दिसत होत्या. कोणीही तक्रार केली नाही. त्यांना कळलेच नव्हते, तर तक्रार कोण करणार? ती सीडी अजून कपाटात आहे. नव्वद नकाशे आहेत, एकही नाव नाही, आणि आज कुणाची क्षमा मागायची म्हटले तरी मागता येत नाही.

म्हणून पुढे मी हट्टी झालो. ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ या ट्रक चालवण्याच्या गेममध्ये दुसऱ्याच्या नकाशाचा पाया घेऊन मी नागपूर ते वर्धा रस्ता उभा केला, बुटीबोरीचे कारखाने, देवनागरी पाट्या, दोन वर्षांच्या रात्री. पायाच्या कर्त्याने कधीच उत्तर दिले नाही, आणि ती फाइल मी आजतागायत कोणालाही दिलेली नाही. मित्र म्हणाले, तो माणूस वारला असेल. असेल, आपल्याकडे हक्क मृत्यूनंतरही साठ वर्षे राहतो. तुझी काकू म्हणते की मी सीडीचे प्रायश्चित्त त्या नकाशाकडून करवून घेतो आहे. तसे असेलही, पण मौनाला होकार समजण्याची चूक एकदा केलेला माणूस दुसऱ्यांदा सावधच राहणार, आणि त्यात मला लाजण्यासारखे काही दिसत नाही.

माझ्या नकाशात त्याचे आणि माझे वेगळे काढता येत नव्हते. तुझे येते. लालपरीचा रंग ही तुझी स्वतंत्र चित्रफाइल आहे. तेवढीच लोकांना वाट आणि सांगाड्यासाठी त्या इंडोनेशियातल्या मुलाच्या मूळ पानाचा दुवा दे. (गाडीवरचे बोधचिन्ह एसटी महामंडळाचे आहे, तो विषय वेगळा, त्यावर समक्ष बोलू.) चौथा संदेश मात्र इंग्रजीत नको, इंडोनेशियन भाषेत पाठव. कोणती फाइल, कुठे ठेवणार, जाहिराती असणार की नाही, आणि त्याने सांगताच काढून टाकशील, एवढे त्यात असू दे.

उरलेल्या एकेचाळीस गाड्यांच्या कर्त्यांपैकी किती जणांचा होकार लेखी आहे, हे तू सांगितलेलेच नाहीस. ते होकार आणि प्रत्येक गाडीची टेक्स्ट फाइल घेऊन रविवारी पाचनंतर, ऊन उतरल्यावर, घरी ये.

तुझा,
काका